झाकली मूठ उघडताना

अमेरिकेत लेकीला कॉलेजात प्रवेश मिळाला की दोन पत्रं येतात. पहिलं अभिनंदनाचं, ते फॅमिली ग्रुपवर जातं. दुसरं फायनान्शियल एडचं. ते ड्रॉवरमध्ये जातं. त्यात ‘मदत’ या मथळ्याखाली पहिल्या वर्षाचं ५,५०० डॉलरचं फेडरल कर्जही धरलेलं असतं. परत फेडायच्या पैशाला मदत म्हणणं आपल्या सावकारांना कसं सुचलं नाही, याचं मला नवल वाटतं.

मदत तोकडी पडते, त्या घोळाचं मूळ फाफ्सात, म्हणजे मदतीसाठी भरायच्या सरकारी अर्जात आहे. २०२६-२७ची मदत ठरते २०२४च्या टॅक्स रिटर्नवरून. फेब्रुवारी २०२६मध्ये नोकरी गेली तरी फाफ्साच्या लेखी तुमचं अजून झकास चाललेलं असतं. त्यावरचा उपाय म्हणजे अपील. कॉलेजातल्या एड अधिकाऱ्याला ‘प्रोफेशनल जजमेंट’ वापरून आकडे बदलायचा अधिकार कायद्यानेच दिलाय. मात्र त्याने नाही म्हटलं की शिक्षण खात्याकडेही दाद मागता येत नाही.

आपली अडचण वेगळीच. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपण आईच्या दुधाबरोबर प्यायलेलो. इथे मूठ उघडून तिचा पीडीएफ करायचा असतो.

नोकरी जाणं, घटस्फोट, पालकाचा मृत्यू, विम्याने न दिलेला दवाखान्याचा खर्च ही कारणं चालतात. ४०१(के)मधून, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या खात्यातून, एकदाच काढलेल्या पैशाने त्या वर्षीचं उत्पन्न फुगलं असेल, तर तेही सांगावं. क्रेडिट कार्डाची थकबाकी, गाडीचा हप्ता, मुंजीचा हॉल यांवर सहसा कुणी विरघळत नाही. पुण्याला आई-बाबांना पाठवलेले पैसे आपल्या दृष्टीने कर्तव्य, त्यांच्या दृष्टीने बहुधा तुमची हौस. धाकटाही कॉलेजात असणं २०२४-२५पासून फाफ्साच्या सूत्रातून काढून टाकलंय. तरी लिहावं, काही कॉलेजं स्वतःच्या पैशातून विचार करतात.

पत्र एका पानाचं. ‘पत्रास कारण की’पासून सुरू करून अमेरिकेत आल्या दिवसापासूनचे कष्ट सांगू नयेत. अधिकाऱ्याला डोळ्यांत पाणी नको, बेरीज हवी. समजा २०२४चं दोघांचं उत्पन्न १,६८,००० डॉलर. आता २०२६चा अंदाज मांडा: फेब्रुवारीपर्यंतचा पगार २०,०००, सेव्हरन्स (नोकरीवरून काढताना कंपनीने दिलेली रक्कम) २४,०००, बेकारी भत्ता १४,०००, जोडीदाराचा पगार ४८,०००. एकूण १,०६,०००. लोक नेमका सेव्हरन्स विसरतात. आणि त्याचा आकडा असतो कुठे? आपणच पुरावा म्हणून जोडलेल्या, नोकरी गेल्याच्या पत्रात, दुसऱ्या परिच्छेदात. मग उरलेल्या आकड्यांवर कोण विश्वास ठेवणार?

ते पत्र, शेवटची पे-स्टब (पगाराची पावती), बेकारी भत्त्याचं पत्र, २०२४चं रिटर्न, डब्ल्यू-२ (मालकाने दिलेला वर्षाच्या पगाराचा दाखला) आणि जोडीदाराची ताजी पे-स्टब हे सगळं एकाच पीडीएफमध्ये, प्रत्येक पानावर लेकीचं नाव आणि स्टुडंट आयडी. दवाखान्याच्या बाबतीत नुसती बिलं पुरत नाहीत. पैसे भरल्याच्या पावत्या आणि विमा कंपनीने किती दिले त्याचा कागद हवा. जेवणाच्या टेबलावर तिरके काढलेले चौदा फोटो पाठवू नयेत, कोपऱ्यात आमटीची वाटी दिसते. फाईल ‘व्हेरिफिकेशन’ला, म्हणजे फाफ्सातल्या माहितीच्या पडताळणीला, निवडली गेली असेल तर आधी ते संपवा, तोवर अपिलाला हात लागत नाही.

फोन लेकीनेच करावा. फी बापाची असली तरी गोपनीयता लेकीची. तिची लेखी परवानगी नसेल तर पलीकडचा माणूस अत्यंत गोड आवाजात काहीच सांगत नाही. आणि ‘निगोशिएट’ हा शब्द तोंडातून काढू नये, ‘रीकन्सिडरेशन’ म्हणावं. तोलामोलाच्या दुसऱ्या कॉलेजची जास्तीची ऑफर खुशाल जोडावी. मंडईतलं ‘पलीकडे वीसला देतोय’ हेच, फक्त लेटरहेडवर.

बऱ्याच ठिकाणी डिपॉझिटची तारीख १ मे असते. तोवर उत्तर येणार नसेल तर मुदतवाढ लेखी मागून ठेवा. मग दोन ओळींचं उत्तर येतं. मदत वाढली असेल तर आधी ती ग्रँटमध्ये (परत न फेडायच्या पैशात) वाढली की कर्जात, ते पाहा. अभिनंदन दोन्हींत सारखंच असतं. मंजुरी एकाच वर्षापुरती असते, पुढच्या वर्षी नवं अपील. म्हणून तो पीडीएफ डिलीट करू नका.