क्रुझिंगबद्दलच्या ‘त्या’ मजकुराला उत्तर

एक मजकूर सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. त्याचा गोषवारा असा: गे पुरुषांचं क्रुझिंग, म्हणजे बागेत, स्टेशनाजवळ, सार्वजनिक मुतारीत अनोळखी जोडीदार शोधणं, हे ॲपच्या जमान्यातलं फॅड आहे. तिथे जाणारे निव्वळ वासनेचे गुलाम. रोग त्यांच्यामुळेच पसरतात. आता सगळं ॲपवर सुरक्षितपणे जुळत असताना बागेत जायचं कारणच काय? आणि तरीही जाऊन कुणी लुबाडला गेला, तर भोगा आपल्या कर्माची फळं.

ॲपमुळे सुरू झालं आणि ॲपमुळे गरज संपली, ही दोन्ही विधानं एकाच परिच्छेदात आहेत. असो. एकेक घेऊ.

फॅडपासून सुरुवात. इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये १४३२ साली पुरुषापुरुषांमधले संबंध हुडकून काढायला खास अधिकारी नेमले गेले. ‘रात्रीचे अधिकारी’ असंच त्यांना म्हणत. हे खातं सत्तर वर्षं चाललं. जे नव्हतंच, त्याच्यासाठी कुणी सत्तर वर्षं खातं चालवत नाही. अठराव्या शतकात लंडनच्या मूरफील्ड्स मैदानातली एक पायवाट याच कारणासाठी इतकी ठाऊक होती की तिला नावच ‘सॉडोमाइट्स वॉक’, म्हणजे पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांची वाट, पडलं होतं. १७२६ मध्ये त्याच शहरात मार्गारेट क्लॅप नावाच्या बाईच्या घरावर धाड पडली. तिथे असे पुरुष जमत, पीत, नाचत. तिघांना फाशी झाली, बाईला खोड्यात उभं केलं. पॅरिसमध्ये तुइलरीच्या बागेत पोलिसांचे खबरे गिऱ्हाईक असल्याचं सोंग घेऊन फिरायचे. लोक त्यांना ‘माश्या’ म्हणत.

बागच का, याचं उत्तर सोपं आहे. घरात माणसं, भाड्याच्या खोलीला मालक, लॉजवर चौकशा. उरली ती अंधारी जागा, जिथे असण्याचं काहीतरी निमित्त सांगता येतं. म्हणून नजर क्षणभर जास्त रेंगाळायची, काडेपेटी मागितली जायची, किती वाजले विचारलं जायचं. ब्रिटनमध्ये तर ‘पोलारी’ नावाची अख्खी गुप्त बोली होती. १९७०च्या दशकात अमेरिकेत मागच्या खिशातल्या रंगीत रुमालावरून आवड कळायची. डाव्या खिशात की उजव्या, यालाही अर्थ होता. इतकी मेहनत चैनीसाठी कुणी घेत नाही.

वासनेचे गुलाम? १९६०च्या दशकात लॉड हम्फ्रीज या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बागांमधल्या मुताऱ्यांमध्ये जाऊन निरीक्षणं केली. येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक पुरुष लग्न झालेले, बायकोबरोबर नांदणारे निघाले. (त्याने गाड्यांचे नंबर टिपून, नंतर आरोग्य-पाहणीच्या नावाखाली त्यांच्या घरी जाऊन माहिती काढली. संशोधनात काय करू नये, याचं उदाहरण म्हणून हे आजही शिकवतात, आणि योग्यच आहे.) इशाऱ्याला जो प्रतिसाद देत नाही त्याच्या वाटेला तिथे कुणी जात नाही, हेही त्याला दिसलं. एक मात्र मी मान्य करतो. येणाजाणाऱ्याला दिसेल अशा जागी संभोग करणं चूक आहे आणि जवळपास सगळीकडे गुन्हाही आहे. ज्याला ते बघावं लागतं, त्याची संमती कुणी घेतलेली नसते. ओळख बागेत झाली तरी पुढचं बंद दाराआड व्हावं.

रोगांचा मुद्दा. विषाणू पत्ता विचारत नाही. बाग आणि शयनगृह त्याला सारखंच. कंडोम वापरा, हा सल्ला १९८३ मध्येच न्यूयॉर्कमधल्या दोन गे पुरुषांनी पुस्तिका छापून दिला होता. एड्सच्या विषाणूबद्दल सरकारी घोषणा व्हायला अजून एक वर्ष होतं. आज तर साधनं कितीतरी आहेत. रोज घ्यायची प्रेपची गोळी एचआयव्हीची लागण टाळते. उपचारांमुळे ज्याच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही उरलेला नाही, त्याच्याकडून जोडीदाराला लागण होत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७८२ गे जोडपी होती, कंडोमशिवायचे सुमारे ७६,००० संबंध मोजले गेले, आणि जोडीदाराकडून झालेल्या लागणी शून्य. चूक झालीच तर ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितकं बरं, पेपची, म्हणजे संबंधानंतर एचआयव्हीची लागण टाळायची औषधं सुरू करायची, २८ दिवस. जोडीदार बदलत असतील तर दर तीन महिन्यांनी तपासणी, कावीळ अ आणि ब ची लस. तेलकट वंगणाने लॅटेक्सचा कंडोम फाटतो. पाण्याचं किंवा सिलिकॉनचं घ्या. पॉपर्स (संबंधावेळी हुंगायचं रसायन) आणि व्हायग्रा एकत्र कधीच नाही, रक्तदाब एकदम कोसळतो.

ॲप सुरक्षित म्हणे! ग्राइंडर हे गे पुरुषांचं डेटिंग ॲप २००९ मध्ये आलं. २०१४-१५ मध्ये लंडनच्या पूर्व भागात एकाच माणसाने चार तरुणांना ऑनलाइन गाठलं, घरी बोलावलं आणि जीएचबी या गुंगीच्या द्रव्याचा जास्त डोस देऊन मारलं. तीन मृतदेह एकाच चर्चच्या आवारात किंवा भिंतीलगत सापडले, तरी पोलिसांना धागा जोडता आला नाही. पोलिसांच्या चुका नंतरच्या तीन मृत्यूंना बहुधा कारणीभूत ठरल्या, असं २०२१ मध्ये चौकशीतल्या ज्युरीने म्हटलं. इजिप्तमध्ये पोलीसच खोटी प्रोफाइल बनवून माणसं पकडतात. २०१८ मध्ये तर ग्राइंडरने वापरणाऱ्यांची एचआयव्हीची माहिती दोन बाहेरच्या कंपन्यांना दिल्याचं उघड झालं. बागेतल्या बाकड्याने अजून कुणाचा रिपोर्ट बाहेर दिलेला नाही. शिवाय ज्याचा फोन घरातले उघडतात त्याने ॲप ठेवायचं कुठे?

राहिली कर्माची फळं. ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंगला १९५१च्या डिसेंबरात मँचेस्टरच्या ऑक्सफर्ड रोडवर एक तरुण भेटला. पुढच्याच महिन्यात त्या तरुणाच्या ओळखीतल्या एकाने ट्युरिंगचं घर फोडलं. ट्युरिंग पोलिसांकडे गेला, आणि चोरी बाजूला राहून आरोपी तोच झाला. तुरुंग नको म्हणून त्याने हार्मोनची इंजेक्शनं पत्करली. ज्या १८८५च्या कायद्याखाली हे झालं, त्याला लोक ‘ब्लॅकमेलरांची सनद’ म्हणत. लुटारूचा हिशोब तेव्हाही हाच होता आणि आजही हाच आहे: हा तक्रार करणार नाही. ‘भोगा’ म्हणणारा प्रत्येक जण तो हिशोब बरोबर ठरवतो.

लुटारूचा हा हिशोब खोटा ठरवायचा तर निघण्याआधी एका मित्राला कळवायचं: कुठे, कुणाबरोबर, किती वाजेपर्यंत. लाइव्ह लोकेशन चालू ठेवायचं. कार्डं घरी, खिशात जेमतेम पैसे. पेय स्वतःच्या हाताने उघडलेलंच प्यायचं. ॲपवरून भेट असेल तर आधी व्हिडिओ कॉल, मग वर्दळीच्या ठिकाणी भेट. त्याच्या ‘मित्रांच्या’ फ्लॅटवर थेट नाही. साध्या कपड्यातला कुणी ‘पोलीस आहे’ म्हणाला तर ओळखपत्र मागायचं, फोनचा पासवर्ड सांगायचा नाही, चौकीतच बोलू म्हणायचं. तोतया बहुतेकदा तिथेच ढिला पडतो. पण त्याच्या हातात चाकू असेल तर पाकीट देऊन मोकळं व्हायचं. धमकीचे मेसेज येऊ लागले तर पुसायचे नाहीत, स्क्रीनशॉट घ्यायचे. पैसे पाठवायचे नाहीत, कारण पहिला हप्ता दिला की दुसरा ठरलेलाच असतो. मग समलैंगिकांसोबत काम करणारी संस्था किंवा ओळखीचा वकील गाठायचा आणि तक्रारीला एकट्याने जायचं नाही.