कटऑफ बघून पसंतीक्रम लावू नका

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटीचा निकाल लागला की इनबॉक्समध्ये एकाच साच्याचे मेसेज येऊ लागतात. "काका, ९४.६ पर्सेंटाईल आहेत, पुण्यात कॉम्प्युटर मिळेल का?" मी उलट विचारतो, मेरिट नंबर, म्हणजे राज्याच्या गुणवत्ता यादीतला क्रमांक किती? तो अजून लागलेला नसतो, किंवा लागूनही कुणी पाहिलेला नसतो.

पर्सेंटाईल म्हणजे शंभरातली किती मुलं तुमच्या मागे आहेत तो आकडा. त्यावर अंदाज बांधणं धोक्याचं आहे. २०२५ मध्ये पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) गटातून चार लाखांहून जास्त मुलं परीक्षेला बसली. म्हणजे ९५ आणि ९४ यांच्यामध्ये चार हजारांवर मुलं उभी आहेत. परीक्षार्थी वाढले की तोच पर्सेंटाईल तुम्हाला रांगेत आणखी मागे नेतो. कॅपच्या, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या कटऑफ यादीत मेरिट नंबर छापलेला असतो, त्याच्याशी तुलना करा. आणि त्या यादीत आपली ओळ कुठली तेही बघा. ओळीच्या कोडमध्ये सुरुवातीला 'एल' असेल तर ती मुलींसाठी राखीव जागा. शेवटी 'एच' म्हणजे होम युनिव्हर्सिटी (कॉलेजच्याच विद्यापीठाच्या हद्दीतली मुलं), 'ओ' म्हणजे त्या हद्दीबाहेरची, 'एस' म्हणजे राज्यस्तर. मुलींच्या ओळीतला आकडा बघून खूश झालेले मुलांचे बाप मी पाहिलेत.

बरं, गेल्या वर्षीची ओळ अचूक वाचली तरी ती यंदा तशीच राहील याची हमी नाही. तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या एआयसीटीईने २०२४-२५ पासून चांगल्या संस्थांवरची प्रवेशक्षमतेची कमाल मर्यादा उठवली आणि बऱ्याच कॉलेजांनी कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढवल्या. जागा वाढल्या की कटऑफ खाली येतो. त्यात कॉलेज घसरलंच असं नाही.

पण माझा खरा राग पुढच्या गोष्टीवर आहे. कटऑफचा तक्ता समोर ठेवून, "हे आपल्याला मिळणारच नाही" म्हणत लोक आवडतं कॉलेज खाली ढकलतात किंवा गाळूनच टाकतात. अहो, जागावाटप तसं चालतच नाही. संगणक मेरिट नंबराप्रमाणे एकेका विद्यार्थ्याकडे येतो. पहिला पर्याय शिल्लक आहे का बघतो, नसेल तर दुसरा, नसेल तर तिसरा. वरचे दहा हुकले म्हणून अकराव्या पर्यायासाठी तुमचा नंबर मागे जात नाही. म्हणून क्रम लावायचा तो फक्त आवडीचा. कटऑफचा उपयोग यादी खाली कुठवर न्यायची हे ठरवायला. शेवटी चार-पाच तरी नक्की मिळतील अशी कॉलेजं असू द्या. तीही अशी, की मिळाली तर खरोखर जाल.

आवडीचा म्हणजे खराच आवडीचा. २०२५ च्या नियमांप्रमाणे पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की तो घ्यावाच लागत होता. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी काहीही मिळालं तरी तेच. शेजाऱ्यांना सांगायला बरं म्हणून नाव वर टाकलंत तर तिथेच अडकाल. नियम बदलत राहतात, यंदाची माहिती पुस्तिका स्वतः वाचा. फॉर्म भरून देणाऱ्या सायबर कॅफेवाल्यावर सोडू नका.

आता कॉलेज की ब्रँच? मुलाला एखाद्या विषयाची खरी ओढ असेल तर ब्रँच, वाद संपला. पण "सगळे घेतात म्हणून कॉम्प्युटर" असेल, तर माझं मत जुन्या, रुळलेल्या कॉलेजकडे झुकतं. सांगलीचं वालचंद, कराडचं शासकीय अभियांत्रिकी, नांदेडचं एसजीजीएस ही नावं केवळ पुण्याचा पत्ता नाही म्हणून मागे पडतात, हे मला पटत नाही. तिथली इलेक्ट्रिकल मी कालपरवा उघडलेल्या कॉलेजातल्या एआयपेक्षा वर लावेन.

प्लेसमेंटच्या फ्लेक्सवरचं 'सर्वाधिक पॅकेज' एकाच मुलाचं असतं. त्याऐवजी कॉलेजने एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीसाठी दिलेली माहिती कॉलेजच्याच संकेतस्थळावर शोधा. किती मुलं पास झाली, किती जणांना नोकरी लागली आणि मधल्या मुलाचा पगार किती, हे त्यात असतं. ती सापडतच नसेल तर ऑफिसात जाऊन मागा. टाळाटाळ झाली तर त्या कॉलेजबद्दल पुरेसं कळलं.

मुलींच्या पालकांसाठी आणखी एक. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. ही सवलत कॅपमधून प्रवेश घेतला तरच लागू होते. तेव्हा "मॅनेजमेंट कोट्यातून आत्ताच सीट पक्की करून टाका" असा फोन आला, तर आधी चार वर्षांच्या फीची बेरीज कागदावर मांडा.