कुंपण दिसत नाही का?

घरी येऊन चार दिवस झाले तरी डोकं शांत होत नाहीये, म्हणून लिहितेय.

कॅम्पसाइट मिळावी म्हणून काही महिने आधी, सकाळी सातच्या ठोक्याला लॅपटॉप उघडून बसले होते. मग सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियातून पाच तासांचा प्रवास, शेवटचा तासभर नुसती नागमोडी वळणं, मुलीला दोनदा उलटी. तंबू ठोकला, चिवड्यापासून टूथपेस्टपर्यंत वास येणारं सगळं अस्वलांसाठीच्या लोखंडी पेटीत कोंबलं. हे सगळं आनंदाने केलं, कारण कॅलिफोर्नियातल्या सिक्वोया नॅशनल पार्कमधलं जनरल शर्मन नावाचं झाड बघायचं होतं. सुमारे ८४ मीटर उंच, खोडाच्या आकारमानाने जगातलं सगळ्यात मोठं झाड. वय अंदाजे २,२०० वर्षं. म्हणजे आपले सातवाहन राज्य करत होते तेव्हा हे रोपटं होतं!

समोर उभी राहिले आणि खरंच बोलता येईना.

तेवढ्यात शेजारच्याच, त्याच सिक्वोया जातीच्या एका मोठ्या झाडापाशी पाच-सहा जण कुंपण ओलांडून आत गेले. लाकडी, गुडघ्याएवढं कुंपण, बाजूला ठळक पाटी. एक जण खोडाला पाठ टेकून उभा, दुसरी मुळांवर उड्या मारतेय, तिसरा ओरडतोय, "अरे जरा मागे सरक, पूर्ण झाड येत नाहीये!" मराठीतच. जिवाचा संताप झाला.

अहो, ते कुंपण शोभेला नाही लावलेलं! एवढ्या अजस्र झाडाची मुळं खोल जात नाहीत. ती उथळच राहून शंभर फुटांच्याही पलीकडे पसरतात. वरून माणसं चालत राहिली की माती दबते, घट्ट होते, बारीक मुळांना हवा-पाणी मिळेनासं होतं. याच कारणासाठी १९९७ पासून शर्मन जिथे उभं आहे त्या जायंट फॉरेस्ट नावाच्या जंगलातल्या २८२ इमारती पाडल्या. इमारती! आणि तुम्हाला एका फोटोसाठी दहा पावलं मागे थांबवत नाही?

२०२० आणि २०२१ च्या वणव्यांत जगातले १३ ते १९ टक्के मोठे सिक्वोया गेले असा अंदाज आहे. दोन फूट जाड सालीची, हजारो वर्षं आगी सोसलेली झाडं. आग जवळ आली तेव्हा अग्निशमन दलाच्या लोकांनी शर्मनचा बुंधा अ‍ॅल्युमिनियमच्या कापडात गुंडाळून ठेवला होता. त्यांनी जीव धोक्यात घालून जे जंगल राखलं, तिथे हे बूट घालून नाचतात.

मी जाऊन सांगितलं, "बाहेर या, मुळं दबतात." तर तो पोरगा म्हणतो, "काकू, दोन मिनिटं हो. एवढं मोठं झाड आहे, त्याला काय होतंय?"

एवढं मोठं झाड आहे, त्याला काय होतंय! गडावरच्या दगडावर नाव कोरणाराही हेच म्हणतो, एवढा मोठा गड आहे.

आणि सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? नवऱ्याने दंड धरून मागे ओढलं. "जाऊ दे ना, सुट्टीवर आलोय, कशाला वाद?" आजूबाजूला तीसेक माणसं उभी होती. सगळ्यांना दिसत होतं. एक जण बोलला नाही. उलट दोन मिनिटांनी आणखी एक कुटुंब आत शिरलं, कारण आता तिथे पायवाट दिसत होती.