'न्यूबी'तला 'ब' आला कुठून?

पक्या हट्टालाच पेटला होता. "नवशिक्याला न्यूबी म्हणतात ना, तो आपला 'नव'च! इंग्रजांनी इथूनच नेला."

"नातं आहे रे, पण नेलेला नाही," अण्णा म्हणाले. "जुन्या इंग्रजीत 'नीवे' हा शब्द हजार वर्षांपूर्वीच होता. तेव्हा इंग्रज इथे होते कुठे? संस्कृत 'नव', लॅटिन 'नोवुस', ग्रीक 'नेओस', इंग्रजी 'न्यू' ही एकाच आजीची नातवंडं. चेहरे जुळतात म्हणून एक भावंड दुसऱ्याचा बाप ठरत नाही."

"बरं, मग 'न्यूबी' कसा झाला?"

"खरी मेख त्या 'ब'मध्ये आहे. 'न्यू'ला नुसता लाडाचा 'ई' जोडला तर 'न्यूई' होईल. ब्रिटिश शाळांत नव्या मुलाला 'न्यू बॉय' म्हणत, तेच झिजून 'न्यूबी' झालं, असा एक तर्क आहे. मला तो पटतो, पण सिद्ध झालेला नाही. शब्द सगळीकडे पोचला तो युजनेटमुळे, म्हणजे संगणकांवरच्या जुन्या चर्चागटांच्या जाळ्यामुळे. ते जाळं सुरू झालं १९८० साली."

"आणि 'नूब' म्हणजे तेच ना?"

"मुळीच नाही!" सीमाताईंनी अडवलं. "नूब निघाला न्यूबीतूनच, पण अर्थ फिरला. न्यूबी नवा असतो, विचारतो, शिकतो. नूब म्हणजे सांगूनही न शिकणारा. खेळात तर ती सरळ शिवीच. दोन 'ओ'ऐवजी दोन शून्यं टाकून लिहितात. नवशिक्याला चुकून नूब म्हटलंत तर तो पुन्हा काही विचारायला यायचा नाही. कामाच्या पत्रात 'बिगिनर' लिहावं. 'नॉव्हिस'ही चालेल, पण त्याला उमेदवारीचा वास आहे: कॅथलिक मठात व्रत घेण्याआधी निदान १२ महिने नॉव्हिस म्हणून काढावे लागतात."

"माझा आवडता 'निओफाइट'," अण्णा म्हणाले. "ग्रीक अर्थ, नुकतंच लावलेलं रोप. नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांना तो शब्द लावत. त्यातला 'फाइट' आणि आपला 'भू' धातूही एकाच मुळाचे. पक्या, नातं सांगायचं तर असं सांग: आधी सर्वांत जुना लेखी वापर शोध, मग ध्वनी नियमाने बदललेत का ते बघ, आणि शब्द कोणत्या वाटेने आला ते दाखव. नुसत्या सारखेपणावर गेलास की फसलास."

"मग नवख्याला म्हणतात तो 'रूकी' बुद्धिबळातल्या 'रूक'वरून, म्हणजे हत्तीवरून नाही?"

"तो रूक फारसी 'रुख'वरून आला. रूकी बहुधा 'रिक्रूट'चं बोलीतलं रूप. आणि रिक्रूटच्या मुळाशी लॅटिन 'क्रेस्केरे', म्हणजे वाढणं."

"म्हणजे पुन्हा रोपच!" पक्या म्हणाला.