पेडल दगडासारखं झालं म्हणजे ब्रेक सुधारला का?

गाडीवेड्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज दर दोन-चार महिन्यांनी फिरून परत येतो. मजकूर जरा बदलतो, गाभा तोच: "कंपनी खर्च वाचवायला मऊ ब्रेक देते. भोकं पाडलेल्या डिस्क, चार पिस्टनचे कॅलिपर, स्टीलच्या जाळीचे होज, मोठा मास्टर सिलिंडर, रेसिंग पॅड आणि डॉट ५ ऑइल, एवढं टाका. पेडल दगडासारखं होईल, पाय टेकवताच बाइट मिळेल आणि गाडी निम्म्या अंतरात थांबेल." परवा आतेभावाने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, "दादा, करून टाकू का? पैसे जमवलेत." त्याच्याकडे टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे, ईसीयू (इंजिनचा संगणक) रिमॅप करून ताकद वाढवलेली, मागे ड्रम ब्रेक. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर. शब्द नवे असतील त्यांच्यासाठी एका ओळीत: मास्टर सिलिंडर पायाच्या जोराचा ब्रेक ऑइलमध्ये दाब करतो, होज म्हणजे नळ्या तो चाकापर्यंत नेतात, कॅलिपरमधले पिस्टन पॅडना डिस्कवर आवळतात, आणि बाइट म्हणजे पाय ठेवताच ब्रेकने धरणं.

आधी ते 'निम्मं अंतर' निकालात काढू. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. कोरड्या डांबरावर चांगला रोड टायर साधारण १ जी (गुरुत्वाकर्षणाइतक्या त्वरणाने) वेग कमी करू शकतो, म्हणजे गाडी सुमारे ३९ मीटरवर थांबते. निम्म्यात, म्हणजे वीसेक मीटरवर थांबायचं तर २ जी लागतील. तेवढी पकड पंखांनी जमिनीवर दाबल्या जाणाऱ्या फॉर्म्युला वनच्या गाडीकडे असते, बाजारात जाणाऱ्या हॅचबॅककडे नाही. शेवटी गाडी थांबवतो तो टायर. रिकाम्या रस्त्यावर, आरसा बघून, एकदा सणसणीत ब्रेक मारा. एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) पायाखाली थरथरलं तर तुमच्या ब्रेकमध्ये टायरच्या क्षमतेपेक्षा जास्त जोर आधीच आहे. आणखी जोर विकत घेतला तरी एबीएस तो परत सोडूनच देणार. टायर पाच वर्षांचे, कडक झालेले असतील तर जमवलेले पैसे तिथे घाला.

एक मात्र कबूल करतो. बाइट लवकर मिळाला, पेडलचा मोकळा प्रवास कमी झाला आणि पूर्ण दाब ०.१ सेकंद आधी तयार झाला, तर त्या वेगाला पावणेतीन मीटर वाचतात. पावणेतीन मीटर म्हणजे पुढच्या गाडीचा बंपर वाचतो. म्हणून बाइट आणि पेडलचा फील हे चोचले आहेत असं मी म्हणत नाही. फक्त ते निम्म्या अंतराच्या थापेसोबत विकू नका.

आता 'दगडासारखं पेडल'. घरी पार्किंगमध्येच एक प्रयोग करा. इंजिन बंद, पेडल तीन-चार वेळा दाबा. बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणारा डबा) व्हॅक्यूम संपला की पेडल खरोखर दगड होतं. ब्रेक सुधारला का? उलट, आता गाडी चालती असती तर दोन्ही पाय देऊनही थांबवताना घाम फुटला असता. पेडल कडक असणं आणि ब्रेक चावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बऱ्याचदा एक वाढवली की दुसरी घटते.

मोठा मास्टर सिलिंडर हे त्याचंच उदाहरण. २२.२ मिमीच्या जागी २३.८ मिमीचा बसवला की क्षेत्रफळ १५ टक्क्यांनी वाढतं. पेडल कमी खाली जातं, पायाला घट्ट लागतं, माणूस खूश होतो. पण दाब म्हणजे जोर भागिले क्षेत्रफळ. तोच दाब हवा असेल तर पायाला १५ टक्के जास्त जोर लावावा लागतो, म्हणजे हलक्या पायाचा बाइट कमी झाला. मोठ्या पिस्टनचे कॅलिपर बसवले असतील आणि त्यामुळे पेडल लांब झालं असेल, तर मोठा मास्टर सिलिंडर योग्य. एरवी नाही.

मग पेडल मऊ का लागतं? मेसेजमध्ये याबद्दल अवाक्षर नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. एक हिशोब बघा. पुढच्या कॅलिपरचा पिस्टन ५४ मिमी, मास्टर सिलिंडर २२.२ मिमी, पेडलची तरफ ४ ला १ धरू. दोन्ही पुढच्या पिस्टनना काही कारणाने फक्त ०.२ मिमी जास्त सरकावं लागलं, तर पेडल जवळजवळ १ सेंटिमीटर जास्त खाली जातं. ०.२ मिमी म्हणजे पोस्टकार्डाच्या जाडीइतकी फट! डिस्क किंचित डगमगत असेल, व्हील बेअरिंग ढिली असेल, कॅलिपर जिच्यावर सरकतो ती पिन अडकली असेल, तर ही फट सहज तयार होते.

माझ्याच गाडीचं सांगतो. पेडल दोनेक महिने स्पंजसारखं लागत होतं. एका गॅरेजने ऑइल बदलून दिलं, फरक नाही. दुसऱ्याने सरळ बिग ब्रेक किटचं (मोठ्या डिस्क-कॅलिपरच्या संचाचं) कोटेशन हातात ठेवलं. शेवटी रस्त्याकडेच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी चाक काढलं आणि आतला पॅड काढून माझ्या तळहातावर ठेवला. एका टोकाला ८ मिमी, दुसऱ्या टोकाला जेमतेम ५. पाचर! कॅलिपरची खालची पिन गंजून घट्ट बसली होती. त्यामुळे कॅलिपर सरळ न सरकता तिरपा होत होता, आणि मी पेडल दाबायचो ते त्याला वाकवण्यात जायचं. "साहेब, ब्रेक मऊ नाही, वाकडा आहे," असं म्हणून त्यांनी पिन काढली, घासली, रबरी बूट बदलले, ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस लावलं (साधं ग्रीस लावू नका, रबर फुगतं) आणि नवे पॅड टाकले. पेडल त्याच संध्याकाळी वर आलं.

मागे ड्रम असलेल्यांसाठी आणखी एक. आपल्याकडच्या कित्येक चपळ गाड्या मागे ड्रम घेऊनच आल्या, पोलो जीटी टीएसआयसुद्धा. ड्रममधल्या लायनरची (तिथे पॅडच्या जागी घासणारा भाग) फट आपोआप भरून काढणारा ॲडजस्टर धुळीने अडकला की पहिला दाब ती फट भरण्यातच जातो. तपासायला सोपं आहे: गाडी उभी असताना हँडब्रेक दोन-तीन दाते ओढा आणि पेडल दाबा. ते आधीपेक्षा वरच थांबलं तर रोग मागे आहे. दुसऱ्या पंपाला पेडल वर येतं तेव्हाही बहुधा फटीचाच दोष. दाबत गेलं की कडक होत जातं पण तळाशी मऊच राहतं, तर लाइनमध्ये हवा. पाय ठेवून धरला की पेडल हळूहळू बुडतं, तर मास्टर सिलिंडरचं सील गेलं किंवा कुठेतरी गळती आहे. ती गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नका.

स्टीलच्या जाळीचे होज, हा मुद्दा अर्धा खरा. जोरात ब्रेक मारताना लाइनमध्ये ८० ते १०० बारचा दाब सहज जातो आणि रबर थोडं फुगतं. दहा वर्षांच्या, तडे गेलेल्या होजच्या जागी जाळीचे टाकले तर फरक जाणवतो. पण त्याच वेळी मेकॅनिकने हवाही काढलेली असते, आणि श्रेय सगळं होजला जातं. नव्या गाडीचे रबरी होज चांगले असतील तर हलक्या पायाला काहीही कळणार नाही.

कॅलिपरवर फार वेळ घालवत नाही. चार पिस्टन म्हणजे चौपट जोर नव्हे. फिक्स्ड, म्हणजे डिस्कच्या दोन्ही बाजूंना पिस्टन असलेल्या कॅलिपरमध्ये एका बाजूच्या पिस्टनचं क्षेत्रफळ मोजायचं. ३८ मिमीचे दोन पिस्टन मिळून २२.७ चौरस सेंटिमीटर होतात. कंपनीचा एकच ५४ मिमीचा पिस्टन? २२.९. मोठ्या किटचा खरा फायदा उष्णता पेलण्यात आहे आणि कॅलिपर कमी वाकण्यात; ट्रॅकवर सलग लॅप मारणाऱ्यासाठी तो मोठा आहे. शिवाय फक्त पुढचे वाढवले तर पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बिघडतो, ते वेगळंच.

भोकांच्या डिस्क दिसायला झकास. पूर्वीच्या पॅडमधला बाइंडर (पॅडचा मसाला धरून ठेवणारा पदार्थ) तापून वायू सोडायचा, त्याला वाट म्हणून भोकं आली. आजच्या पॅडना त्याची फारशी गरज नाही, आणि भोकाच्या कडेपासून तडे जायला सुरुवात होते. "फॉर्म्युला वनमध्येही भोकं असतात" हा युक्तिवाद ऐकला आहे. असतात, हजारभर असतात, पण कार्बन डिस्कच्या कडेला, हवा खेळवायला. पॅड घासतो त्या तोंडावर नाही. पावसाळ्यात पाणी लवकर निसटतं एवढं खरं, आणि आपल्या कोकणातल्या पावसात त्याची थोडी किंमत आहे.

डॉट ५ मात्र सोडून देण्यासारखं नाही, कारण इथे मेसेज धोकादायक आहे. आकडा मोठा म्हणून ऑइल भारी, असं नसतं. डॉट ३, ४ आणि ५.१ हे ग्लायकॉलवाले, डॉट ५ सिलिकॉनचं. ते ग्लायकॉलमध्ये मिसळत नाही, हवा जास्त धरून ठेवतं, किंचित जास्त दबतं, म्हणजे पेडल उलट मऊ करतं, आणि एबीएसच्या गाडीत घालायचंच नसतं. मेसेजवाल्याला ५.१ म्हणायचं असावं, पण त्या '.१' मध्येच सगळं आहे. आणि उत्कलनबिंदूने थंड पेडल कडक होत नाही. तो घाटात कामाला येतो. नव्या डॉट ४ चा किमान २३० अंश, पाणी शोषल्यावर १५५. ५.१ चे २६० आणि १८०. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना गाडी जवळजवळ १३०० मीटर खाली येते. १२०० किलोच्या गाडीसाठी ही १०० च्या वेगावरून तेहेतीस वेळा पूर्ण थांबण्याइतकी ऊर्जा. इंजिन ब्रेकिंग केलं नाही तर तिचा मोठा वाटा डिस्क आणि ड्रमच्याच अंगावर येतो. तिथे जुनं ऑइल उकळलं की वाफ दबते आणि पेडल फळीला टेकतं. दोन वर्षांनी ऑइल बदला, दमट किनारपट्टीवर तर नक्कीच. हे मेसेजमधल्या कुठल्याही वस्तूपेक्षा स्वस्त आहे.

राहिले पॅड. बाइट खरंतर इथेच मिळतो, आणि मेसेजने नेमका इथेच चुकीचा पॅड सुचवला आहे. रेसिंग पॅड तापल्यावर चावतो. काहींना डिस्क शंभर-दीडशे अंशांवर गेल्याशिवाय जाग येत नाही. सकाळी सोसायटीच्या गेटवर पहिला ब्रेक लावाल तेव्हा ती थंडगार असणार, वर किंकाळ्या, चाकांवर काळी धूळ आणि खाल्लेली डिस्क. रस्त्यासाठी थंडीतही घर्षण देणारा पॅड बघा. बऱ्याच पॅडवर दोन इंग्रजी अक्षरांचा कोड छापलेला असतो: पहिलं अक्षर साध्या तापमानाचं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ ०.३५ ते ०.४५, जी ०.४५ ते ०.५५. ई-एफ वरून एफ-एफ वर गेलात तर पहिल्या स्पर्शाचा फरक पायाला कळतो, मास्टर सिलिंडरला हातही न लावता. जी-जी घेताना विचार करा: ओल्या रस्त्यावर पाय जपून ठेवावा लागतो आणि ट्रॅफिकमध्ये मागे बसलेल्यांच्या माना हलतात.

आणि पॅड बसवल्यावर ते जिरवा. मोकळ्या रस्त्यावर ताशी ९०-१०० वरून २० पर्यंत, पूर्ण न थांबता, बऱ्यापैकी जोरात आठ-दहा वेळा. मग दहा मिनिटं ब्रेक न लावता गाडी फिरवून थंड करा. पॅडचा पातळ, सारखा थर डिस्कवर बसतो आणि बाइट त्या थरातून येतो. आतेभावाने मागच्या खेपेला नवे पॅड जिरवताना शेवटचा जोराचा ब्रेक सिग्नलला मारला आणि मिनिटभर पाय तसाच दाबून उभा राहिला. तापलेल्या डिस्कवर पॅडच्या आकाराचा ठसा उमटला, महिनाभर स्टिअरिंग थरथरलं, आणि "डिस्क वाकली" म्हणून त्याने दोन्ही डिस्क बदलल्या. त्या अजून माझ्या गॅलरीत आहेत. एकीवरचा निळसर ठसा पॅडशी जुळवून बघितला, तंतोतंत बसतो.