फोकाच्चा बसका का झाला? मिरजेच्या काकूंना उत्तर

नमस्कार काकू,

तुम्ही लिहिलंत, की फोकाच्चाच्या, म्हणजे ऑलिव्ह तेलातल्या चपट्या इटालियन पावाच्या, माझ्या कृतीप्रमाणे पीठ रात्रभर, म्हणजे आठ तास, ओट्यावर झाकून ठेवलं. सकाळी त्याला आंबूस वास येत होता. भाजल्यावर फोकाच्चा बसका नि चिवट निघाला आणि पाऊण वाटी ऑलिव्ह तेल वाया गेलं. मैदा नको म्हणून तुम्ही निम्मं खपली गव्हाचं पीठ घातलं होतंत. शेवटी विचारलंत, 'घरात भाकरी-थालीपीठ असताना हा खटाटोप हवाय कशाला?'

काकू, आठ तासांची चूक माझी. ती कृती मी जानेवारीत लिहिली. तेव्हा सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या स्वयंपाकघरात रात्री १८-१९ अंश असायचे. तुम्ही केलंत एप्रिलअखेरीस. त्या दिवसांत आपल्याकडे मध्यरात्रीसुद्धा ओट्याला हात लावला तर कोमट लागतो. तापमान आठ-दहा अंशांनी वाढलं की यीस्टचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे माझं पीठ जेवढं आठ तासांत फुगलं, तेवढं तुमचं चार तासांत फुगलं, आणि पुढचे चार तास ते नुसतं आंबत राहिलं. इडलीच्या पिठाचं हे आपल्याला पाठ असतं, थंडीत ते उबेला ठेवतो आणि उन्हाळ्यात लवकर फ्रिजमध्ये टाकतो. मी कृतीत तास लिहिले, ऋतू लिहिला नाही.

जास्त आंबलेल्या पिठात ग्लुटेनची, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाची, जाळी ताणून ताणून सैल पडते. आतली हवा धरून ठेवायची ताकद तिच्यात उरत नाही आणि ओव्हनमध्ये गेल्यावर ती बसते. पिठातली साखर यीस्टने आधीच खाऊन टाकलेली असते, त्यामुळे रंगही चढत नाही. तुमचा फोकाच्चा वरून फिकटच राहिला असणार.

आता उन्हाळ्यात असं करून बघा. ५०० ग्रॅम मैदा, ३५० मिली फ्रिजमधलं गार पाणी, १० ग्रॅम मीठ, २ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, दोन चमचे तेल. पीठ हाताला चिकटेल, वरून मैदा लावू नका. अर्ध्या अर्ध्या तासाने तीनदा, ओल्या हाताने, कडेचं पीठ ओढून मधे घडी घाला. दर घडीला पीठ गुळगुळीत होत जातं. मग डबा सरळ फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी भरपूर तेल लावलेल्या ट्रेमध्ये ओता आणि बाहेर ठेवा. किती वेळ, हे मी आता सांगणार नाही. ट्रे हलवल्यावर पीठ खरवसासारखं थरथरलं की ते तयार. ओटीजी (घरगुती छोटा ओव्हन) २३० अंशांवर पूर्ण तापू द्या, मग वीस-पंचवीस मिनिटं.

खपलीबद्दल तुमचा आग्रह मला मनापासून पटतो. आपल्या कृष्णाकाठचा गहू आहे तो. आणि गंमत म्हणजे इटलीतही हाच गहू पिकतो, तिकडे त्याला फार्रो म्हणतात. पण ते लोकही तो मुख्यतः अख्खा शिजवून सुपात घालतात, जशी आपण खपलीची खीर करतो. कारण तेच, त्याचं ग्लुटेन नाजूक असतं, फुगलेल्या पावाचा भार त्याला पेलत नाही. निम्म्याऐवजी पाचशे ग्रॅमपैकी शंभर ग्रॅमच खपलीचं घाला. चव येईल आणि जाळीही राहील.

ट्रेमधल्या पिठात बोटांनी खड्डे पाडणं ही शोभा आहे, असं तुम्हाला वाटलं. पण थालीपिठाला आपण भोकं का पाडतो? तेल आतपर्यंत जावं म्हणून. इथेही तसंच आहे. इटलीतल्या जेनोआ शहराकडे त्या खड्ड्यांत नुसतं तेल नाही, मिठाचं पाणी आणि तेल एकत्र फेटून ओततात. भाजताना पाणी उडून जातं. खड्ड्याचा तळ मऊ, खारट राहतो, कडा कुरकुरीत होतात. मला त्या पदार्थात सगळ्यात जास्त आवडतो तो हा तळ. माझ्या मूळ कृतीत हे पाणी नव्हतं, आज घातलंय: ६० मिली कोमट पाणी, एक लहान चमचा मीठ, दोन चमचे तेल.

घाण्याचं शेंगतेल चालेल का? ट्रेला आणि पिठात खुशाल वापरा, खालून छान खरपूस होतं. पण वरच्या दोन चमच्यांना ऑलिव्हच हवं. त्याचा किंचित कडवट, हिरवा वास त्या पावाची ओळख आहे. असं केलं तर पाऊण वाटीचा खर्चही वाचतो.

राहिली भाकरी. ती माझ्याही घरी रोज होते. जेनोआत लोक सकाळी फोकाच्चाचा तुकडा दुधाळ कॉफीत बुडवून खातात, हे कळलं तेव्हा मला आजोबांची चहा-चपाती आठवली आणि म्हणून मी तो करायला घेतला. तुम्ही परत कराल तेव्हा पीठ फ्रिजमधून काढल्यावरचा आणि ट्रेमध्ये थरथरल्यावरचा, असे दोन फोटो पाठवा. भट्टीत टाकायच्या आधीच बघून सांगते.