फ्यूजच्या जागी ब्रेकर का बसवला नाही: दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

"दोन महिन्यांत अ‍ॅम्प्लिफायरचा फ्यूज दोनदा उडाला, ब्रेकर बसवा म्हटलं तर सरळ नकार, वर फ्यूज बदलण्याचे 200 रुपये घेतले," असं तुम्ही लिहिलंय. पैशांचं आधी बोलतो, कारण तिथे चूक आमची आहे.

पहिल्या वेळी डाव्या चॅनेलचे आउटपुट ट्रान्झिस्टर, म्हणजे स्पीकरला ताकद देणारे, शॉर्ट होते, ते काम नीट झालं. दुसऱ्या वेळी उडाला तो मेन्सचा फ्यूज, आणि तो आम्ही चुकीचा बसवला होता. तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये टोरॉइडल, म्हणजे गोल कड्यासारखा, ट्रान्सफॉर्मर आहे. स्विच ऑन करताच तो क्षणभर नेहमीच्या कित्येक पट करंट खेचतो. तो धक्का सोसायला 'टी' मार्कचा स्लो-ब्लो फ्यूज लागतो, आमच्याकडून 'एफ' मार्कचा, म्हणजे फास्ट, गेला. अँपिअरचा आकडा दोन्हींवर सारखाच, म्हणून नजरेतून सुटलं. तुमचे 200 रुपये परत करतो.

ब्रेकरला दिलेला नकार मात्र कायम आहे. तेव्हा काउंटरवर गर्दीत कारण सांगायचं राहिलं, ते आता सांगतो.

घरात एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा ब्रेकर, आहेच, मग आत फ्यूज कशाला, असं तुम्ही विचारलं होतं. घरातला 16 अँपिअरचा एमसीबी भिंतीतली वायर जळू नये म्हणून असतो. अ‍ॅम्प्लिफायरने आतून 10 अँपिअर खेचले तरी तो पडणार नाही, त्याच्या लेखी ते साधं लोड. पण 230 व्होल्टला ते 2300 वॅट होतात. एवढी उष्णता बंद लाकडी शोकेसमधल्या डब्यात! ट्रान्सफॉर्मर जळेल, पुढचं मला बोलवतही नाही.

तुम्ही दाखवलेला बटणाचा छोटा ब्रेकर तापून पडतो. दुप्पट करंटलाही त्याला काही सेकंद लागतात. त्यातून आतल्या डीसी लाइनवर तर फक्त एसीसाठी बनवलेल्या ब्रेकरचा भरवसा नाही. 50 हर्ट्झचा एसी सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, म्हणून कॉन्टॅक्टमधली ठिणगी विझते. डीसीत तसं होत नाही. आणि ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की तोच डीसी थेट तुमच्या स्पीकरच्या कॉइलमध्ये जातो.

फ्यूजही ट्रान्झिस्टर वाचवत नाही, हे खरं. पण उडाला की माणूस थांबतो. ब्रेकरचं बटण दाबून पुन्हा चालू करण्याचा मोह कुणालाही होतो, आणि दर वेळी बिघाडावर नवा झटका बसतो. काही मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरना कंपनीतूनच ब्रेकर येतो, तो त्या डिझाइनचा भाग असतो. तुमच्यात तसा नाही.

स्विच ऑनचा झटका कमी करायला सॉफ्ट स्टार्ट सर्किट बसवता येतं. हवं असेल तर फक्त सामानाच्या खर्चात बसवून देतो, आणि आधी तुमच्यासमोर मशीन 100 वॅटच्या सिरीज बल्बवर (बल्बमधून करंट जातो, म्हणून तो मर्यादेत राहतो) लावून दाखवतो. तोवर फ्यूज उडालाच तर होल्डरमध्ये वायर किंवा चांदीचा कागद गुंडाळू नका. फोन करा, योग्य फ्यूज घरी पाठवतो.